व्हायोलिनवादकाची मुंबईवारी आणि मदतीच्या पैशाची वाट

वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके असतात, रुग्णसंख्येचे तक्ते असतात आणि देणगीदारांची नामावली असते. या सर्वांच्या मागे जो विचार असतो, तो मात्र आकड्यांतून सांगता येत नाही. म्हणून एखाद्या विषयाची सविस्तर माहिती देणारा हा लेख. यंदाचा विषय ठरविताना दोन प्रश्न डोळ्यांसमोर होते. पहिला प्रश्न आपले हितचिंतक विचारतात : "एखाद्या नामवंत गायकाचा कार्यक्रम ठेवून रुग्णांसाठी निधी का उभारू नये?" दुसरा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक विचारतात : "शस्त्रक्रियेसाठी जी मदत मिळते, तो पैसा नेमका येतो कोठून?" या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि ती समजून घेण्यासाठी १९५२ मधील एका प्रवासाची हकीकत फार उपयोगी पडते.

सात बेटांच्या नगरीतील पाहुणा

येहुदी मेन्युहिन हे विसाव्या शतकातील जगद्विख्यात व्हायोलिनवादक. २२ एप्रिल १९१६ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचा जन्म झाला आणि वयाच्या सातव्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी रसिकांसमोर वादन केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी सैनिकांसाठी, छावण्यांमध्ये व रुग्णालयांमध्ये शेकडो कार्यक्रम केले. युद्ध संपल्यावर जुलै १९४५ मध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांना सोबत घेऊन ते जर्मनीतील बेर्गन-बेल्झन येथे गेले व छळछावणीतून वाचलेल्या, शरीराने व मनाने खचलेल्या माणसांसमोर त्यांनी वादन केले. दुःखिताच्या दारी कलावंताने स्वतः चालत जावे, हा त्यांचा जीवनक्रमच होता असे म्हणावे लागेल.

१९५२ च्या पूर्वार्धात पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निमंत्रणावरून ते प्रथमच भारतात आले. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक नुकतीच पार पडली होती. अन्नधान्याची टंचाई होती. दक्षिणेत, विशेषतः रायलसीमेत, दुष्काळाने लोक हवालदिल झाले होते. मेन्युहिन यांनी मुंबई, दिल्ली, मद्रास, बंगळूर व कलकत्ता येथे कार्यक्रम केले आणि त्यांचे उत्पन्न पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीस दिले.

मुंबई हे मूळचे सात बेटांचे गाव. भराव घालून ही बेटे जोडली गेली व त्यांचे महानगर झाले. उष्ण कटिबंधातील, दमट हवेच्या या बेटावर पाश्चात्त्य अभिजात संगीताचा श्रोतृवर्ग लहान होता, परंतु जाणकार होता. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये येथे सिंफनी वाद्यवृंद उभा केला होता. पुढे जगप्रसिद्ध संचालक झालेले झुबिन मेहता हे त्यांचेच चिरंजीव. याचा अर्थ असा की, पाहुणा कलावंत येण्यापूर्वीच त्याला ऐकणारे कान व साथ देणारे हात या शहरात तयार होते. निधीसाठी कार्यक्रम करू इच्छिणाऱ्यांनी हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कलावंत कितीही मोठा असला तरी श्रोता तयार नसेल तर सभागृह रिकामे राहते.

त्या वेळी आपले औंढा नागनाथ मुंबई राज्यातही नव्हते. हा सर्व परिसर परभणी जिल्ह्यात व हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबईच्या सभागृहात वाजलेल्या त्या व्हायोलिनचा आपल्या भागाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो निधीच्या मार्गाने आहे.

पैसा कोठे गेला?

पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीची स्थापना जानेवारी १९४८ मध्ये झाली. फाळणीनंतर पाकिस्तानातून विस्थापित होऊन आलेल्या लोकांना मदत करणे हा तेव्हाचा तातडीचा हेतू होता. या निधीस सरकारी अंदाजपत्रकातून रक्कम मिळत नाही. तो पूर्णपणे लोकांच्या स्वेच्छा देणग्यांवर उभा आहे. कालांतराने पूर, चक्रीवादळ, भूकंप यांसारख्या आपत्तींत त्यातून साहाय्य दिले जाऊ लागले. त्यापुढे जाऊन हृदयशस्त्रक्रिया, मूत्रपिंड प्रत्यारोपण, कर्करोगावरील उपचार अशा खर्चिक उपचारांसाठी गरजू रुग्णांनाही त्यातून अंशतः मदत मिळते.

आपल्या भागातील एखाद्या शेतमजुराच्या मुलाच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी या निधीकडे अर्ज केला जातो, तेव्हा तो अर्ज ज्या तिजोरीकडे जातो, तीच ही तिजोरी. त्यातील १९५२ चा रुपया आज शिल्लक असेल असे नाही. तो त्या वेळच्या भुकेल्यांसाठीच होता. परंतु देणग्यांचा तो ओघ अखंड राहिला, हिशेब राहिला, नाव व नियम राहिले. म्हणून दुष्काळासाठी आणि निर्वासितांसाठी चालणारी व्यवस्था पुढे रुग्णासाठीही उपयोगी पडली.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. मेन्युहिन यांनी गजाची पहिली रेघ ओढली, त्याच्या चार वर्षे आधी हा निधी अस्तित्वात होता. पैसा कोणाच्या नावे जमा होणार, कोण खर्च करणार, कशासाठी करणार, हे प्रश्न कार्यक्रमाच्या दिवशी उपस्थित झाले नाहीत. कलावंताने वाजवावे, श्रोत्याने द्यावे आणि रक्कम ठरलेल्या वाटेने जावी, इतकी ती गोष्ट सरळ होती. दानाची वाट आधी बांधलेली असली पाहिजे, हेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

पाच मिनिटांची भेट

या प्रवासातून जे पैशाखेरीज मिळाले, त्याचीही नोंद घ्यावयास हवी. मेन्युहिन यांना शारीरिक थकव्याचा व निद्रानाशाचा त्रास होता. सतत एकाच बाजूस मान वळवून व खांदा उचलून वादन करणाऱ्या कलावंतांना हे दुखणे नवीन नाही. १९५१ मध्ये न्यूझीलंडमध्ये एका डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात योगासनांवरील पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि तेव्हापासून ते स्वतःच्या बुद्धीने आसने करून पाहत होते. दिल्लीत नेहरूंनी त्यांना शीर्षासन करून दाखविण्यास सांगितले आणि मग पंतप्रधानांनीही स्वतः शीर्षासन करून दाखविले, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

मुंबईच्या मुक्कामात त्यांची गाठ पुण्याहून आलेल्या एका योगशिक्षकाशी पडली. ते बी. के. एस. अय्यंगार. बालपणी मलेरिया, विषमज्वर व क्षय यांसारख्या आजारांनी खंगलेले अय्यंगार योगसाधनेने सावरले होते आणि १९३७ पासून पुण्यात शिकवीत होते. भेटीसाठी मेन्युहिन यांनी पाच मिनिटे दिली होती. अय्यंगारांनी त्यांना पडून राहावयास सांगितले, डोळ्यांवर हलकेच बोटे ठेवली, आणि कित्येक दिवस झोप नसलेला हा कलावंत तासभर गाढ झोपी गेला.

त्या एका तासाचा परिणाम दूरवर झाला. १९५४ मध्ये मेन्युहिन यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतले. पुढे त्यांनी अय्यंगारांना एक घड्याळ भेट दिले व त्यावर, आपले सर्वांत उत्तम व्हायोलिनशिक्षक, अशा आशयाची अक्षरे कोरून घेतली. १९६६ मध्ये अय्यंगारांचा 'लाइट ऑन योगा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यास प्रस्तावना मेन्युहिन यांची होती. १९७५ मध्ये पुण्यात अय्यंगारांची योगसंस्था स्वतःच्या वास्तूत उभी राहिली व देशोदेशींचे विद्यार्थी तेथे येऊ लागले. २० ऑगस्ट २०१४ रोजी अय्यंगारांचे निधन झाले. मेन्युहिन १२ मार्च १९९९ रोजीच निवर्तले होते. दोघेही गेले, पण त्या भेटीतून सुरू झालेली देवाणघेवाण थांबलेली नाही.

दुष्काळग्रस्तांना देण्यासाठी आलेला पाहुणा आपल्या दुखण्यावर उतारा घेऊन गेला. देणारा रिकाम्या हाताने परत जात नाही, हे आपण नेहमी म्हणतो. येथे ते अक्षरशः घडले. आजही मान, खांदा व पाठ यांच्या जुनाट दुखण्यावर वैद्यकीय तपासणीनंतर, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली योगासनांचा उपयोग करून घेतला जातो. पुस्तक वाचून स्वतःच प्रयोग करणे मात्र टाळावे. स्वतः मेन्युहिन यांनाही अखेर शिक्षकाचीच गरज भासली.

न्यूयॉर्कचा धडा

याच भारतभेटीत मेन्युहिन यांनी दिल्लीत पंडित रविशंकर यांची सतार जवळून ऐकली आणि ते भारतीय संगीताचे निस्सीम चाहते झाले. १९५५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने उस्ताद अली अकबर खाँ यांचे सरोदवादन न्यूयॉर्कमध्ये झाले. पुढे मेन्युहिन व रविशंकर यांनी एकत्र वादनही केले. पाश्चात्त्य श्रोत्यांच्या मनात भारतीय वाद्यांविषयी जी आस्था निर्माण झाली, तिच्यात या मैत्रीचा वाटा मोठा आहे.

या आस्थेचे एक फळ १९७१ मध्ये दिसले. पूर्व पाकिस्तानातील अत्याचार, त्याआधीचे चक्रीवादळ आणि लाखो निर्वासितांचे हाल पाहून व्यथित झालेल्या रविशंकर यांनी आपले शिष्य व मित्र जॉर्ज हॅरिसन यांना साद घातली. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन खेळ झाले व सुमारे ४० हजार लोक उपस्थित राहिले. प्रवेशशुल्काचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर संयुक्त राष्ट्रसंघाच्या बालनिधीकडे लगोलग देण्यात आले. येथपर्यंत सर्व उत्तम झाले.

खरी मोठी रक्कम ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांच्या विक्रीतून येणार होती, आणि ती आलीही. परंतु कार्यक्रम अवघ्या काही आठवड्यांत उभा राहिला होता. करमुक्त धर्मादाय कार्य म्हणून आगाऊ नोंदणी करून घेण्यात आलेली नव्हती. परिणामी अमेरिकेच्या करखात्याशी दीर्घकाळ वाद चालला व मोठी रक्कम वर्षानुवर्षे अडकून पडली. १९८५ पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख डॉलर बांगलादेशापर्यंत पोहोचले असा अंदाज दिला जातो. पण १९७१ मध्ये जे मूल भुकेले होते, ते तोपर्यंत वाढून मोठे झाले होते किंवा वाचलेच नव्हते.

कलावंतांच्या हेतूविषयी तिळमात्र शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी मानधन घेतले नाही. लोकांनीही सढळ हाताने दिले. उणीव होती ती कागदपत्रांची. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हिशेब व नोंदणी यांचे महत्त्व सवयीने कळते. पण सर्वसामान्य दात्यास ही कामे रूक्ष वाटतात व 'सत्कार्यात कागद कशाला' असे तो म्हणतो. न्यूयॉर्कचा अनुभव सांगतो की, कागद वेळेवर झाला नाही तर त्याची किंमत शेवटी गरजूला मोजावी लागते.

आपल्या परंपरेतील दाखले

संगीत आणि सेवा यांची जोड परदेशातून शिकावी लागावी अशी आपली स्थिती नाही. आपले गाव तर संगीताच्या एका थोर आख्यायिकेचे गाव आहे. नरसीचे संत नामदेव महाराज नागनाथाच्या देवळासमोर कीर्तन करीत असता त्यांना तेथून उठवून मागील बाजूस जावयास लावले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, असे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. ज्याला मागे बसविले, त्याच्याकडे देवाने तोंड फिरविले, हा त्या कथेचा भाव धर्मादाय रुग्णालयाने तरी विसरू नये.

कीर्तनातून लोकोपयोगी वास्तू उभ्या करण्याचे काम संत गाडगे महाराजांनी केले. त्यांच्या कीर्तनाला हजारोंचा समुदाय जमे. लोक देत, पण स्वतःसाठी त्यांनी काही ठेवले नाही. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. आणि विशेष म्हणजे ८ फेब्रुवारी १९५२ रोजी, म्हणजे मेन्युहिन भारतात आले त्याच वर्षी, त्यांनी गाडगे महाराज मिशनची स्थापना केली व लोकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कार्यास संस्थेचे रूप दिले. डिसेंबर १९५६ मध्ये त्यांचे देहावसान झाले. मिशनचे काम मात्र चालू राहिले. मुंबईत दादर येथील मिशनच्या धर्मशाळेत बाहेरगावाहून उपचारांसाठी आलेल्या कर्करुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना निवारा मिळतो. मुंबईस उपचारांसाठी जाणाऱ्या आपल्या भागातील कुटुंबांना अशा निवाऱ्याचे मोल सांगावयास नको. अक्षरओळख नसलेल्या या महापुरुषाने दानाची वाट बांधण्याचे महत्त्व पुरेपूर ओळखले होते.

तिसरा दाखला लता मंगेशकर यांचा. ९ जून १९८५ रोजी कॅनडातील टोरंटो येथे 'युनायटेड वे' या संस्थेसाठी त्यांनी गायन केले. मेपल लीफ गार्डन्समध्ये सुमारे १२ हजार श्रोते होते व दीड लाख डॉलरचा निधी जमला. 'युनायटेड वे' ही अनेक स्थानिक सेवासंस्थांसाठी एकत्रित निधी गोळा करून वाटप करणारी संस्था आहे. येथेही गायिकेच्या आगमनापूर्वी वाटपाची व्यवस्था उभी होती. देश निराळा, संगीत निराळे, काळ निराळा. पण ज्या ठिकाणी पैसा नीट पोहोचला, त्या ठिकाणी घडी एकसारखीच दिसते.

कार्यक्रमाचा जमाखर्च

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. आपल्या रुग्णालयासाठी असा कार्यक्रम करावा काय? उत्तर देण्यापूर्वी एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, ३०० रुपयांची ४०० तिकिटे विकली गेली : १,२०,००० रुपये. स्मरणिकेतील जाहिराती व प्रायोजक यांपासून १,३०,००० रुपये. एकूण जमा २,५०,००० रुपये. आता खर्च : मंडप व खुर्च्या ३५,०००, ध्वनिक्षेपण व प्रकाशयोजना ४०,०००, साथीदारांचे मानधन व सर्वांचा प्रवासखर्च ४५,०००, छपाई व प्रसिद्धी २०,०००, परवाने, वीज व किरकोळ १०,०००. एकूण खर्च १,५०,००० रुपये. रुग्णांसाठी शिल्लक १,००,००० रुपये. म्हणजे लोकांनी दिलेल्या प्रत्येक रुपयातील ४० पैसे रुग्णापर्यंत पोहोचले.

हेच चित्र थोड्या नियोजनाने बदलते. मंडपाचा व साथीदारांचा खर्च एखाद्या दात्याने वेगळा उचलला, तर खर्च ७०,००० वर येतो व शिल्लक १,८०,००० होते. रुपयातील ७२ पैसे रुग्णाला मिळतात. येथे एक पथ्य पाळावे. मुख्य गायक मानधन सोडू शकतो. तबला, संवादिनी व टाळ यांची साथ करणारे कलावंत मात्र रोजच्या मानधनावर संसार चालवितात. एका गरजूसाठी दुसऱ्या गरजूचे ताट काढून घेणे योग्य नव्हे. त्यांचे मानधन द्यावे, आणि तेवढ्यासाठी स्वतंत्र दाता शोधावा.

दुसरा मुद्दा पावतीचा. तिकीट घेणाऱ्यास त्या पैशाच्या बदल्यात कार्यक्रम मिळतो; म्हणून तिकिटाची रक्कम ही निव्वळ देणगी धरता येत नाही. आयकर सवलतीसाठी पावती हवी असल्यास देणगी स्वतंत्र द्यावी, शक्यतो धनादेशाने वा बँकेमार्फत द्यावी.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. कार्यक्रम एका रात्रीचा असतो; आजार तसा नसतो. आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाला वर्षातून १०४ वेळा यंत्रावर यावे लागते, तिसऱ्या वेळेची गरज पडल्यास १५६ वेळा. एका कार्यक्रमाच्या शिलकीवर विसंबून असे पाच रुग्ण मोफत उपचारांसाठी स्वीकारले आणि सहा महिन्यांनी रक्कम संपली, तर त्यांना काय सांगावयाचे? अर्ध्या वाटेवर सोडलेली मदत ही काही वेळा न केलेल्या मदतीपेक्षा अधिक क्रूर ठरते. म्हणून एकदाच मिळालेला पैसा एकदाच होणाऱ्या खर्चासाठी वापरावा : एखादी शस्त्रक्रिया, एखादे उपकरण, एखाद्या रुग्णाचा मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास. नियमित उपचारांसाठी कायम निधी उभारावा, मुद्दल सुरक्षित ठेवावे आणि केवळ व्याज खर्च करावे.

यावरून काही नियम हाती लागतात, ते देणगीदारांनी कोणत्याही संस्थेस विचारून पाहावेत. निधीचा हेतू तिकिटावर छापलेला आहे काय? त्याचे स्वतंत्र खाते आहे काय? खर्चाची मर्यादा आधी ठरली आहे काय? कार्यक्रमानंतर ठरावीक मुदतीत हिशेब जाहीर होणार आहे काय? आणि जमलेली रक्कम हेतूपेक्षा अधिक झाली किंवा कमी पडली, तर काय करावयाचे याचा ठराव विश्वस्तांनी केला आहे काय? या पाचही प्रश्नांना होकार असेल तर कार्यक्रम अवश्य करावा. नसेल तर तेवढाच पैसा सरळ देणगी म्हणून देणे अधिक हिताचे.

रुग्णाच्या उशाशी संगीत

संगीताचा उपयोग निधी गोळा करण्यापुरताच आहे असे समजू नये. १९७७ मध्ये मेन्युहिन यांनी इंग्लंडमध्ये 'लाइव्ह म्युझिक नाऊ' या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. जे लोक सभागृहापर्यंत येऊ शकत नाहीत, अशांकडे, म्हणजे रुग्णालये, वृद्धाश्रम व विशेष मुलांच्या शाळा येथे तरुण कलावंतांनी जाऊन वादन करावे, आणि त्या कलावंतांनाही काम मिळावे, अशी ही योजना. युद्धकाळातील रुग्णालयांत त्यांनी जे पाहिले होते, त्याचेच हे पुढचे पाऊल होय.

वैद्यकीय अंगानेही या विषयाचा अभ्यास झाला आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास वाटणाऱ्या भीतीवर संगीतश्रवणाचा काय परिणाम होतो, याविषयी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्यांमधील २,०५१ रुग्णांची माहिती तपासली गेली. संगीत ऐकल्याने ही भीती कमी होण्यास मदत होऊ शकते, असा निष्कर्ष निघाला. मात्र पुराव्याच्या मर्यादाही त्यात नमूद केल्या आहेत. संगीत हे औषधाची जागा घेत नाही. परंतु शस्त्रक्रियागृहाबाहेर थांबलेल्या रुग्णास त्याच्या आवडीचे भजन किंवा अभंग हळू आवाजात ऐकू देणे, यास खर्च जवळपास शून्य आहे. इतर रुग्णांच्या विश्रांतीस बाधा येऊ नये एवढी काळजी घेतली म्हणजे झाले.

नातेवाइकांसाठी दोन शब्द

आता दुसऱ्या प्रश्नाविषयी. उपचारांच्या खर्चासाठी मदतीची आवश्यकता असल्यास सर्वप्रथम महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार बसतो काय, याची चौकशी करावी. धर्मादाय रुग्णालयांसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये २००६ पासून योजना लागू आहे. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, तसेच देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. हा रुग्णाचा हक्क आहे. तो मागताना संकोच बाळगू नये.

यापलीकडे खर्च जात असल्यास मुख्यमंत्री सहायता निधी व पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी यांकडे अर्ज करता येतो. पंतप्रधान निधीकडे करावयाच्या अर्जासोबत रुग्णालयाने दिलेले खर्चाचे मूळ अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा व छायाचित्रे जोडावी लागतात. मदत सहसा पूर्ण खर्चाची नसते आणि रक्कम रुग्णाच्या हाती न देता रुग्णालयाकडे पाठविली जाते. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच अर्ज करणे हिताचे. कागदपत्रांत अडचण आल्यास आपल्या समाजसेवा कक्षात यावे. अर्ज कोऱ्या कागदावर कसा लिहावा येथपासून मदत केली जाते, आणि त्यासाठी कोणासही एक पैसाही देऊ नये.

या निधीत जमा होणारा रुपया कोणा एकाचा नसतो. त्यात कधी एखाद्या परदेशी व्हायोलिनवादकाने बेटावरच्या शहरात केलेल्या वादनाचा भाग होता, कधी शाळकरी मुलांच्या खाऊच्या पैशाचा, कधी निवृत्त शिक्षकाच्या निवृत्तिवेतनाचा. देणारा व घेणारा यांची बहुधा कधीच भेट होत नाही. मधली वाट नीट राखणे, ती खचू न देणे आणि तिच्यावरील प्रत्येक पैशाचा हिशेब दाखविणे, एवढेच काम आमच्यासारख्या कार्यालयीन सेवकांचे आहे.  आगामी वर्षात कोणी कलावंत रुग्णांसाठी आपली कला सादर करू इच्छीत असल्यास त्यांचे मनःपूर्वक स्वागत आहे. कार्यक्रमाची तारीख ठरविण्यापूर्वी कार्यालयाशी बोलावे, म्हणजे निधीचे खाते व हेतू प्रथम निश्चित करता येतील.

— प्रशासकीय अधिकारी